कोऱ्या फिल्मवरचे आकडे

१

फिल्म कोरी निघाली. छत्तीस फोटोंची अख्खी पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी स्वच्छ. काळोखमास्तर ती ओली पट्टी घेऊनच डार्करूमबाहेर आले, खिडकीपाशी उजेडात धरली आणि म्हणाले, "फिल्म कॅमेऱ्यातल्या चक्रीला अडकलीच नसणार. मी आपला नुसताच बटण दाबत बसलो. म्हातारा झालो, साहेब."

साहेब उत्तरादाखल शिंकले. तपास त्यांच्याकडे होता आणि आमच्या रसायनांचा आंबट वास त्यांना सोसत नव्हता. सकाळपासून ते डार्करूमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही, हातात रुमाल. मी भिंतीला टेकून उभी होते. बावीस वर्षं मास्तरांची प्रत्येक फिल्म मी धुतली, पण त्या दिवशी मला आत जायला मनाई होती. कारण मी पाताळ्याची बहीण.

पाताळ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाटकगृहात रंगमंचाच्या खाली त्याचं काम, म्हणून त्याला हे नाव पडलं. रंगमंचाच्या मधोमध एक लाकडी झडप आहे. नाटकातला मेलेला राजा तिच्यातून खाली जातो. उजव्या विंगेत बसलेली बाई बटण दाबते, खाली दिवा लागतो, माझा भाऊ खिट्टी काढतो आणि झडप उघडते. राजा गादीवर उतरला की झडप परत वर ढकलायची आणि खिट्टी लावायची. लाकूड जुनं, फुगलेलं. झडप चौकटीत इतकी घट्ट बसायची की भाऊ रोज तिच्या नावाने खडे फोडायचा.

आदल्या दिवशी दुपारच्या रंगीत तालमीत राजा गेल्यावर पाचच मिनिटांनी त्याच झडपेतून थोरल्या बाई पडल्या. चाळीस वर्षं रंगमंच गाजवलेली नटी, वय सत्तरीच्या घरात. खाली गादी होती, पण डोकं चौकटीच्या कडेवर आपटलं. लोक धावत खाली गेले तेव्हा माझा भाऊ त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

त्याने जबाब दिला, "दिवा दुसऱ्यांदा लागला, म्हणून मी खिट्टी काढली." बटणवाली म्हणाली, "मी एकदाच बटण दाबलंय." दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता आणि खोटं बोलणारा तुरुंगात जाणार होता. तिसरा साक्षीदार म्हणजे मास्तरांचा कॅमेरा. डाव्या विंगेतून तो सगळं टिपत होता, आणि समोरची उजवी विंग, बटणवालीच्या हातासकट, त्याच्या नजरेत होती. साहेबांनी रोल तिथल्या तिथे काढून घेतला, डबीला कागदी पट्टी गुंडाळली, सही केली आणि रात्रभर आपल्या कपाटात ठेवला.

आणि आता ती फिल्म कोरी.

"फिल्म अडकली नाही म्हणता," मागून बटणवाली म्हणाली. ती मास्तरांची सख्खी भाची. "पण मामा, बाटल्या कोणी भरल्या होत्या, ते पण सांगा की साहेबांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

२

बाटल्या मीच भरल्या होत्या. रोज मीच भरते. एकीत डेव्हलपर, जो फिल्मवर चित्र उमटवतो. दुसरीत हायपो, जो ते चित्र कायमचं पक्कं करतो आणि उरलेलं सगळं धुऊन टाकतो. क्रम उलटला, हायपो आधी गेला, तर फिल्मवरचं सगळंच धुऊन जातं. मग हाती येते ती काचेसारखी पट्टी. बाटल्या दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्या. बहिणीने भावासाठी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, यावर विश्वास ठेवायला कोणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

"हिने असलं काही केलेलं नाही," मास्तर म्हणाले. "चूक माझी आहे. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं, पण डार्करूमला कुलूपही ठोकलं. बाटल्या तपासायला जायच्या होत्या, तोवर आत कोणी पाऊल टाकायचं नाही. किल्ली त्यांच्या खिशात गेली. मास्तर त्या खिशाकडे बघत राहिले. मला वाटलं, स्वतःच्या डार्करूममध्ये जायला बंदी म्हणून अपमान वाटला असेल.

घरी गेले तर भाऊ माझी वाट बघत बसला होता. त्याने पाण्याचा पेला माझ्या पुढ्यात ठेवला. असलं काही तो कधी करत नाही.

"ताई, बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"फिल्म कोरी निघाली ते. आता कोणीच काही सिद्ध करू शकत नाही. तू जे काही केलंस..."

"मी काही केलेलं नाही."

"बरं, नाही केलंस." त्याने मान खाली घातली. "पण आता खोलात शिरू नको. सोडून दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता, मी एकोणीस. याचं नाक पुसण्यापासून याला नोकरीला चिकटवण्यापर्यंत सगळं मी केलं, आणि यालाही वाटावं की मी लबाडी केली. "तू खरं बोलतोयस ना? मग फिल्मला घाबरायचं कारण काय?" मी विचारलं.

तो पेला उचलून आत गेला. मला वाटलं, तो खजील झाला असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. थोरल्या बाई शुद्धीवर न येताच गेल्या होत्या.

३

आता मामला माणूस मेल्याचा होता. मी ठरवलं, बाटल्यांचा डाग आधी माझ्या अंगावरून पुसायचा आणि भावाच्या अंगावरचा त्याच फडक्याने.

बटणवाली नाटकगृहाच्या रिकाम्या विंगेत तिच्या स्टुलावरच बसली होती. शेजारी तिचं बटण, भिंतीला खिळ्याला टांगलेली संहिता. माझ्याशी बोलायची तिची इच्छा नव्हती, पण रडून रडून ती इतकी थकली होती की नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

"एकदाच दाबलं," ती म्हणाली. "बाईंचं बोलणं सुरू झालं की मी दोन्ही हातांत संहिता धरते. त्या शब्द विसरायच्या हल्ली. मला ओळ पुरवावी लागायची. बटण कशाने दाबू? पायाने?"

"मग दिवा कसा लागला?"

"ते तुमच्या भावाला विचारा. दिवा लागला हे तोच तर म्हणतोय."

"तू बाईंकडे बघत होतीस?"

"कागदाकडे बघत होते. आजूबाजूला काळोख. एका दिव्यावर चालतो तो प्रवेश. शेजारी कोणी येऊन उभं राहिलं तरी कळत नाही."

बाहेरच्या दालनात मास्तरांचे फोटो टांगलेत. जाता जाता मी त्यांच्यापुढे थांबले. एकूण एक प्रिंट माझ्या हातची. मास्तरांनी जन्मात फ्लॅश वापरला नाही, म्हणून तर ते काळोखमास्तर. चारशे वेगाची फिल्म घ्यायची आणि ती आठपट तेज, बत्तीसशेची आहे असं समजून एका दिव्याच्या उजेडात फोटो काढायचे. फिल्मला आठपट उपाशी ठेवायचं आणि नंतर डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवून तिची भूक भागवायची. सावल्या मरतात, दाणे फुटाण्याएवढे होतात, पण चेहरे असे येतात की बघणाऱ्याने गप्प व्हावं. त्यांच्या प्रत्येक गाजलेल्या फोटोत पुढे नट असतो आणि मागे काळोखात आणखी एक चेहरा, कधी सुताराचा, कधी शिंप्याचा, कधी चहा घेऊन आलेल्या माणसाचा. "मागे उजेड धरणारा एक तरी चेहरा हवा," मास्तर म्हणायचे, "नाहीतर फोटो म्हणजे नुसतं डांबर."

हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. त्या दिवशीही आठवलं आणि मी पुढे चालू लागले. अक्कल गहाण ठेवलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही.

४

मास्तर स्टुडिओच्या पुढच्या खोलीत बसले होते. कुलूप लागलेलं डार्करूमचं दार त्यांच्या पाठीशी.

"मास्तर, एक विचारू? तुमची फिल्म चक्रीला न अडकणं, असं याआधी कधी झालंय?"

"सगळं कधीतरी पहिल्यांदाच होतं."

"फिल्म सरकते तेव्हा कॅमेऱ्याची डावीकडची मूठ फिरते. तुम्ही दर फोटोनंतर अंगठ्याने ती चाचपता. काळोखात सवयीने चाचपता. मी पाहिलंय."

"नसेल चाचपली. पोरी, मी चुकलो म्हणतोय ना? गावभर माझी छी थू झाली, तेवढी पुरे नाही का? तुझ्या बाटल्यांचं कोणी नाव काढलं तर मी बघून घेईन."

मला त्यांचा राग आला, तो कशामुळे हे तेव्हा कळलं नाही. पन्नास वर्षांच्या कामात या माणसाने एक फ्रेम वाया घालवल्याचं कबूल केलं नव्हतं. एकदा ताप अंगात असताना काढलेल्या फोटोबद्दल कोणी बोललं, तर त्यांनी त्या गृहस्थाशी सहा महिने बोलणं टाकलं. आणि आता ते स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, आपण बावळट ठरलो असं आनंदाने सांगत होते. कोणासाठी? बटणवाली त्यांच्या बहिणीची एकुलती एक मुलगी होती. मला उत्तर मिळालं असं वाटलं.

मी तडक साहेबांच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, "ती कोरी फिल्म मला एकदा बघू द्या. हात लावणार नाही, तुम्हीच धरा."

५

साहेबांनी पट्टी खिडकीच्या काचेला धरली. मी वाकून बघितलं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"साहेब, कडेला बघा. भोकांच्या बाजूने. काय दिसतंय?"

"आकडे. एक, दोन, तीन. छत्तीसपर्यंत असतील."

"ते आकडे कारखान्यात उमटवतात. शाईने नाही, उजेडाने. डेव्हलपर लागेपर्यंत ते दिसत नाहीत. हायपो आधी गेला असता तर फोटोंसारखे आकडेही धुऊन गेले असते. आकडे आहेत, म्हणजे बाटल्या बरोबर होत्या."

साहेबांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही सुटलात. आणि मास्तर म्हणाले तेच खरं ठरलं. फिल्म अडकलीच नाही."

"नाही. तेही खोटं." मी पिशवीतून जुन्या निगेटिव्ह काढल्या, मागच्या तीन नाटकांच्या. "या मास्तरांच्याच. यांचे आकडे बघा."

जुन्या पट्ट्यांवरचे आकडे जाड, काळेकुट्ट, कडा फुटलेले होते. कोऱ्या पट्टीवरचे नाजूक, राखाडी.

"साधी फिल्म आम्ही आठ मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवतो," मी म्हणाले. "नाटकाची अठरा. फोटोंना उजेड कमी मिळालेला असतो, आकड्यांना कारखान्यात पोटभर मिळालेला असतो. म्हणून अठरा मिनिटांत आकडे असे सुजतात. तुमच्या हातातली फिल्म आठच मिनिटं धुतलीय. आता सांगा, ज्या फिल्मवर एका बाईचं मरण आहे, जिच्यासाठी तुम्ही दारात बसलाय, ती फिल्म मास्तर आठ मिनिटांत का उरकतील?"

"घाई झाली असेल."

"बत्तीसशेची फिल्म आठ मिनिटांत उरकायची तर न धुतलेली बरी, हे ते झोपेतही सांगतील. त्यांना ठाऊक होतं, या फिल्मवर काहीच नाहीये. काही नसलेल्या फिल्मसाठी अठरा मिनिटं फिल्मचा डबा हलवत मनगट कोण मोडून घेईल? तुमच्या वहीत वेळ लिहिलीय ना?"

साहेबांनी वही उघडली. अकरा पाचला दार बंद. अकरा पंचवीसला आतून नळाचा आवाज.

"वीस मिनिटं," मी बोटांवर मोजलं. "काळोखात डबी फोडून फिल्म रिळावर चढवायला तीन. डेव्हलपर आठ. डेव्हलपर थांबवणारं मधलं आंबट पाणी एक. हायपो पाच. झाली सतरा. तीन मिनिटं उरतात."

"त्या तीन मिनिटांत काय केलं?"

"तेच जे पहिल्या तीन मिनिटांत केलं. अजून एक फिल्म रिळावर चढवली."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. "म्हणजे खरी फिल्म आहे?"

"तुमची सहीची डबी त्यांना तुम्हाला परत द्यायची होती, रिकामी. म्हणून खरी फिल्म काळोखात बाहेर काढावीच लागली. उघडी फिल्म खिशात घालता येत नाही, उजेड लागला की संपली. दिवा लावायच्या आधी ती कुठेतरी बंद करायला हवी होती. आणि दुसऱ्या मिनिटाला तुम्ही खोलीला कुलूप लावलंत."

६

डार्करूम होती तशीच होती. टोपलीत एक रिकामी डबी पडली होती, कागदी पट्टी नसलेली, सही नसलेली. साहेबांच्या डबीखेरीज तिथे दुसरी डबी असायचं कारण नव्हतं. कोऱ्या फिल्मचा जन्म तिच्यातला.

फळीवर आमचे तीन टँक असतात. टँक म्हणजे झाकणाचा काळा डबा. आत रीळ, रिळावर फिल्म. झाकण असं की पाणी आत जातं पण उजेड जात नाही. धुऊन झालं की मी ते पालथे घालते, झाकणं शेजारी मांडते. दोन पालथे होते. तिसरा उताणा होता, झाकण गच्च लावलेला.

मी तो उचलून कानाशी हलवला. रिकाम्या टँकमध्ये रीळ खुळखुळतं. हा वाजला नाही, जड होता.

"आहे का आत?" साहेब म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी टँक माझ्या हातातून घेतला, डाव्या हाताने धरला, उजव्याने झाकण पिळलं.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. पोलिसाच्या हातावर फटका मारायची ती माझी पहिली वेळ. झाकण अर्ध्या आट्यावर थांबलं होतं. दोघांनीही श्वास रोखला होता, जणू त्याने काही फरक पडणार होता.

"उघडलं असतं तर?" साहेबांनी विचारलं.

"तर मास्तरांचं काम फुकटात झालं असतं," मी म्हणाले आणि झाकण परत घट्ट बसवलं.

७

मी हट्ट धरला की फिल्म इथेच, सगळ्यांसमोर, दिवे लावून धुवायची. टँक बंद असला की उजेडाची भीती नसते. साहेबांनी तिघांनाही बोलावून घेतलं. भाऊ आणि बटणवाली दारात उभे राहिले, मास्तर आत माझ्यासमोर स्टुलावर. मी ताजा डेव्हलपर केला, पाण्यात तापमापी बुडवली, टँकमध्ये ओतला आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा लावला. अठरा मिनिटं.

दर मिनिटाला टँक उलटा करायचा, परत सुलटा करायचा. मधल्या वेळात मी सगळी हकीकत सांगितली. आकडे, वीस मिनिटं, टोपलीतली डबी. साहेब मधूनमधून शिंकत होते. मास्तर ऐकत होते आणि त्यांची नजर टँकवरून हलत नव्हती.

"बरोबर आहे सगळं," ते शेवटी म्हणाले. "आकड्यांचं माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मनगट दुखत होतं."

"भाचीसाठी केलंत," मी म्हणाले. "तिला वाचवायला माझ्या भावाला टांगायला निघालात. माझ्या बाटल्यांवर लोक थुंकले, तेही तुम्हाला चाललं. बावीस वर्षं मी या काळोखात तुमच्यासाठी फुप्फुसं जाळली, मास्तर."

"भाचीचं नाव घेऊ नको." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "पुरावा नसता तर दोघंही सुटली असती. अपघात म्हणून फाइल बंद झाली असती. बाई काही परत येणार नाहीत."

"मग ही फिल्म जाळली का नाहीत?"

मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं. अकरावं मिनिट झालं. मी टँक उलटा केला.

"ताई," दारातून भाऊ म्हणाला, "राहू दे ना."

"गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय हे."

"पोरी," मास्तर म्हणाले, "अजून वेळ आहे. झाकण काढ." आणि त्यांनी हात पुढे केला. म्हाताऱ्याचा हात, नखं डेव्हलपरने काळी पडलेली. मी टँक छातीशी धरून भिंतीकडे वळले आणि उरलेली सात मिनिटं त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

८

हायपो ओतून झाला, नळाखाली धुऊन झालं. मी रीळ उघडलं आणि ओली पट्टी दिव्यापुढे धरली. चित्रं होती, दाट, दाणेदार, अगदी मास्तरांची.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. उजेड काळा, काळोख कोरा. साहेबांना त्यात डाग दिसले असतील. मला माणसं दिसतात. बावीस वर्षांत मी माणसांना उलटं ओळखायला शिकले आहे.

तेविसाव्या फ्रेममध्ये थोरल्या बाई एक पाऊल पुढे टाकत होत्या. चोविसाव्यात त्या कमरेपर्यंत झडपेत गेल्या होत्या, दोन्ही हात वर, हलल्यामुळे पुसट. त्यांच्या मागे उजवी विंग. स्टुलावर बटणवाली, दोन्ही हातांत संहिता. तिच्या शेजारी एक चेहरा. मसुरीएवढा काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके, आणि डाव्या कानाची ती वाकडी पाळी, जी लहानपणी दारात सापडली होती आणि जिला मी स्वतः हळद दाबली होती.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

त्यांना निगेटिव्ह वाचता येत नव्हती. ओल्या फिल्मवर अंगठ्याचं नख नुसतं टेकलं असतं तरी तो चेहरा खरवडून निघाला असता, आणि मी चुकून लागलं म्हणाले असते. मी नख बघितलं. दारात बटणवाली उभी होती, पदराचं टोक दोन्ही मुठींत धरून, फोटोत कागद धरला होता अगदी तसंच.

"हिच्या दोन्ही हातांत कागद आहेत," मी म्हणाले. "हिने बटण दाबलेलं नाही." अंगठा मी मुठीत मिटला. "आणि हिच्या शेजारी माझा भाऊ उभा आहे. तो खाली नव्हता."

मग भाऊ तिथेच उंबऱ्यावर बसला.

"खिट्टी राहिली," तो म्हणाला. "राजा उतरला, मी झडप वर ढकलली, ती चौकटीत घट्ट बसली. म्हटलं, पाच मिनिटांत येऊन खिट्टी लावतो. बाईंचा पाय पडल्यावर पळत खाली गेलो. पुढे तोंडाला येईल ते बोललो."

"वर कशाला आलास?" साहेबांनी विचारलं.

"बाईंचं काम बघायला."

ते खोटं होतं. मी पट्टी पुन्हा दिव्यापुढे धरली आणि या वेळी मला ते दिसलं, जे चार दिवस माझ्या नाकासमोर टांगलेलं होतं.

"हा बाईंकडे बघत नाहीये," मी म्हणाले. "तेविसाव्यातही नाही, चोविसाव्यातही नाही. समोर माणूस पडतंय, तरी हा हललेला नाही. सगळं पुसट आलंय, हा एकटा सुईसारखा लख्ख. एवढ्या कमी उजेडात तेवढा लख्ख कोण येतो? ज्याला 'हलू नकोस' म्हणून सांगितलंय तो. मास्तर, हा तुमच्याकडे बघतोय."

मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

"तालमीच्या आधी सांगितलं होतं मी," ते म्हणाले. "राजा गेला की वर ये, विंगेत उभा राहा, माझ्याकडे बघ, श्वास सोडू नको. बाईंचं हे शेवटचं नाटक होतं, त्या रंगमंच सोडणार होत्या. मागे एक चेहरा हवा होता."

मी साहेबांकडे वळले. "ऐकलंत ना? लिहून घ्या."

साहेबांनी लिहिलं. एकच ओळ. मग पेन बंद केलं आणि माझ्याशी पहिल्यांदाच नीट, हळू आवाजात बोलले. "बोलावणं हा गुन्हा होत नाही, ताई. जागा सोडणं होतो. आणि खोटा जबाब देणं."

भावाने मास्तरांचं नाव शेवटपर्यंत घेतलं नव्हतं. त्याला आता वाटत होतं, मास्तरांनी फिल्म माझ्यासाठी आणि त्याच्यासाठी लपवली. काही अंशी तसं असेलही. साहेबांबरोबर जाताना त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि तेच मला सहन होत नाही. त्याने दोनदा सांगितलं होतं, सोडून दे म्हणून.

९

खटल्यासाठी साहेबांना चोविसाव्या फ्रेमच्या चार मोठ्या प्रिंट हव्या होत्या. त्या निगेटिव्हमधून विंगेतला चेहरा ओढून काढणं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, म्हणून त्या मीच काढल्या. लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या पाण्यात, कोऱ्या कागदावर माझा भाऊ चार वेळा उगवला.

पाचवी, जादा म्हणून काढलेली, ट्रेमध्ये असतानाच दारावर टकटक झाली. दारामागचा काळा पडदा सावरत मास्तर आत आले. महिनाभरात त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नव्हता असं ऐकलं होतं.

"निगेटिव्ह आज परत जाणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला एक प्रिंट मिळेल?" ते माझ्याकडे बघत नव्हते. ट्रेमधला कागद बघत होते. "जाळली का नाही, विचारलं होतंस. हे बघ. असा फोटो माझ्या हातून परत होणार नाही."

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. चिमट्याने प्रिंट डेव्हलपरमधून उचलली, आंबट पाण्यातून काढली, नळाखाली धुतली, टिपकागदात दाबली आणि त्यांच्या हातात दिली. हायपोचा ट्रे शेजारीच भरलेला होता. त्यात घातली नाही.

त्यांनी कागद नाकाशी नेला. पन्नास वर्षं हेच काम केलेल्या माणसाला वास सांगायला लागत नाही. हायपोशिवायची प्रिंट लाल दिव्याखाली शाबूत राहते. बाहेर नेली की उजेड लागून सगळा कागद काळवंडत जातो, आधी पांढरं, मग चेहरे, मग सगळंच.

"इथे बसून बघायची," मी म्हणाले. "बाहेर दाखवायची नाही."

त्यांची नजर हायपोच्या ट्रेकडे गेली. मग त्यांनी प्रिंट काळ्या पाकिटात घातली, पाकीट कागदांच्या खणात ठेवलं आणि स्टूल लाल दिव्याजवळ ओढून घेतलं. मी निगेटिव्ह आणि चार प्रिंटचं पुडकं उचललं, डार्करूमची माझी किल्ली फळीवर ठेवली आणि दार ओढून बाहेर आले. दुपारचे दोन वाजले होते आणि रस्त्यावर इतकं ऊन होतं की मला काही वेळ समोरचं काहीच दिसलं नाही.